आमच्या घरातलं भाषांतर

रविवारच्या पेपरात एका म्हाताऱ्याचा फोटो होता. खिडकीशी एकटाच बसलेला, पुढ्यात पुस्तक उघडं. स्लोव्हाकिया नावाच्या देशातला कवी म्हणे. सरकारनं त्याच्या कविता छापू दिल्या नाहीत, तर हा गडी परक्या कवींच्या कविता आपल्या भाषेत आणत राहिला. मी चौथी शिकलेला, मला कवितेतलं काही कळत नाही. पण हे काम मी बघितलंय. माझी बायको जन्मभर तेच करायची.

मी ताटावरून ओरडायचो, "ही भाजी आहे का गवत?" ती आत जाऊन सुनेला सांगायची, "मामांना भाजी आवडलीय गं, चिमूटभर मीठ तेवढं दे." सून हसत मीठ आणायची. त्या कवीसारखंच तिचं स्वतःचं बोलणं कुणी ऐकलं, देव जाणे.

ती गेली. आता माझं बोलणं जसंच्या तसं पोचतं.

काल सून म्हणाली, "मामा, यांची बदली झालीय. तुम्ही येताय ना आमच्याबरोबर?"

मी म्हणालो, "मी काय तुमचं सामान आहे, उचलून न्यायला?"

ती "बरं" म्हणाली आणि खोकी भरायला लागली. मी दारात नुसता उभा राहिलो. अजून एकदा विचार, एवढंच मला म्हणायचं होतं.