शिपाईआबांची मोजदाद

दिवेलागणीला ओढ्यापलीकडच्या मसणवटीवर धूर असा आडवा तरंगत राही, की त्यात उभा असलेला तो काळा दगड कमरेएवढ्या पाण्यात उतरलेल्या माणसासारखा दिसे... तो धूर आमच्याच गावातल्या चुलींचा होता, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी हातपाय धुवायच्या निमित्तानं रोज सगळ्यांच्या आधी घरात पळणारा शूर मुलगा होतो.

तो दगड म्हणजे आमचे शिपाईआबा. कुठल्याशा लढाईतून जखमी होऊन, लंगडणाऱ्या घोड्यासह त्या ओढ्याकाठी आलेले, पहिली झोपडी बांधणारे, पहिली विहीर खणणारे आमचे मूळपुरुष. दगडावर कोरलेला घोडेस्वार, हातात तलवार, वर चंद्र-सूर्य. ऊनपावसानं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलानं आबांचं नाक-तोंड केव्हाच पुसून गेलेलं. लढाई कुठली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे काकांच्या तोंडी शत्रूची फौज दर दिवाळीला थोडी वाढे. घराण्याचा हा एवढाच वारसा मी नेटानं चालवतो आहे, असं माझी बायको म्हणते.

एका गोष्टीबाबत मात्र सगळ्यांचं एकमत होतं – आबा रोज दिवेलागणीला आपली माणसं मोजतात. म्हणून बारसं झालं की बाळाला दगडासमोर घोंगडीवर निजवायचं आणि थोरल्या माणसानं त्याचं नाव आबांना ओरडून सांगायचं. ओरडून, कारण तोफांच्या आवाजानं त्यांचे कान गेलेले. गाव सोडणाऱ्यानंही सांगूनच निघायचं. न सांगता कुणी कमी झालं, तर आबा शोधायला निघतात... ओढ्यातल्या गोट्यांवर घोड्याच्या टापा वाजतात. मी त्या ऐकल्या आहेत. शेजाऱ्यांची म्हैस असेलही. पण मी ऐकल्या आहेत.

मी दुसरीत असताना मला बहीण झाली. माजघरात वेखंडाचा, ओव्याच्या धुरीचा, उन्हात न वाळलेल्या लंगोटांचा ओलसर वास भरून राहिला होता. श्रावणात ओढा दुथडी भरून वाहत होता, त्यामुळे बारसं घरातच झालं. पाणी उतरलं की पलीकडे जाऊ, असं ठरलं. पाणी उतरलं, त्याच आठवड्यात ती तापानं गेली. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत... वडिलांनी तिला आबांच्या दगडापाशीच पुरलं. नाव सांगायचं त्या वेळी कुणाला सुचणार? पुढं आईनं ते नाव कधीच उच्चारलं नाही. फक्त दिवेलागणीला ती उंबऱ्यात उभी राही, ओढ्याकडे बघत. तिचे ओठ हलत, आणि मोजता मोजता कुठंतरी अडत. परकराच्या कापडाचं शिवलेलं एक इवलंसं दुपटं तिच्या ट्रंकेच्या तळाशी होतं, डांबराच्या गोळ्यांच्या वासात...

वडील गेल्यावर आई आमच्याकडे सिंगापूरला आली, तेव्हा माझी मीरा सहा वर्षांची होती. मी बुओना व्हिस्टातल्या एका काचेच्या इमारतीत दिवसभर मशीनना शहाणपण शिकवतो. एका रविवारी त्याच शहाणपणानं फोनमधल्या नकाशाकडे बघत मी दोघींना भलत्याच वाटेनं नेलं, आणि चोआ चू कांगच्या टोकाला, कमरेएवढ्या गवतातल्या एका जुन्या चिनी स्मशानात आम्ही जाऊन उभे राहिलो. एका मोठ्या थडग्याच्या बाजूला एक दगडी शिपाई राखणीला उभा होता – फेटा बांधलेला, पावसानं नाक झिजलेलं, शेवाळानं काळवंडलेला. आई थबकली. तिनं पायातल्या चपला काढल्या.

मी समजावू लागलो. हा शीख पहारेकरी आहे, जुन्या काळी इथले श्रीमंत लोक आपल्या थडग्यावर असे पुतळे बसवत. शिवाय त्याच्या हातात बंदूक आहे, आपल्या आबांची तलवार होती, आणि आबांना दाढी कुठं होती?

"एवढ्या लांब यायचं म्हणजे दाढी वाढणारच," आई म्हणाली. "गावात मोजायला उरलंय कोण? निघाला असेल शोधत."

मग तिनं मीराला पुढं उभं केलं आणि सगळ्या स्मशानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आबा, ही मीरा. माझी नात. हिला मोजा."

मीरानं कानांवर हात ठेवले आणि इथल्या मुलांसारखं वाक्याला 'लाह'चं शेपूट लावत म्हणाली, "आजी, व्हाय शाउट? ही कॅन हिअर, लाह."

आईचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. झाडीत कुठंतरी कोकीळ ओरडत होता, जुन्या उदबत्त्यांच्या काड्या पायाशी विखुरल्या होत्या. मग ती पुन्हा ओरडली. पण या वेळी आवाज मधेच फाटला.

"आणि सुमन. माझी सुमन. तिथंच आहे, तुमच्या पायाशी. सांगायचं राहिलं होतं."

परतताना बसमध्ये ती गाढ झोपली, मीराच्या खांद्यावर डोकं टेकून.

पुढं गावी परतल्यावर आई गेली. जाण्याआधी शेजारच्या मुलाचा हात धरून ओढ्यापलीकडे जाऊन आली होती, असं कळलं... म्हणजे सांगून गेली. इथल्या त्या स्मशानाभोवती पत्रे ठोकले गेले, थडगी हलवली; शिपाई कुठं नेला, ते मला कळू शकलं नाही. हल्ली दिवेलागणीला समोरच्या ब्लॉकमधल्या खिडक्या एकेक उजळू लागल्या की माझ्याही नकळत माझे ओठ हलतात.

परवा मीरा शाळेच्या कॅम्पला निघाली. पाठीवर बॅग, पायात बूट, आणि दारातच अडून बसली – आजीच्या त्या शिपायाला सांगितल्याशिवाय जाणार नाही म्हणाली. शेजारीपाजारी काय म्हणतील या भीतीनं मी खिडकीशी जाऊन तिचं नाव पुटपुटलो.

"लाऊडर, बाबा. ही कान्ट हिअर, लाह."

मी ओरडलो. समोरच्या ब्लॉकमधून दोन-तीन डोकी बाहेर आली. खाली, फरसबंदीवर, काहीतरी टपटप वाजत लांब गेलं... कुणाची तरी सायकल असेल. सायकलच असेल.