आखाजीला सुटणारं जहाज

जहाजाचं बुकिंग करायला जळगावला गेलो तेव्हा माझ्या अंगात केळीच्या चिकाचे डाग पडलेला शर्ट होता. धुतलेलाच होता, पण केळीचा चीक जन्मात जात नाही. आमच्या भागात त्याचं कोणाला काही वाटत नाही. त्या ऑफिसात मात्र एसी, काचेचं टेबल, आणि टेबलामागे माझ्या पोराच्या वयाची एक मुलगी. तिनं मला बघितलं आणि विचारलं, "काका, पार्सल द्यायला आलात का?"

"नाही बेटा, मीच पार्सल आहे," म्हटलं. "मला आणि माझ्या बायकोला जहाजात टाकून दे."

मी केळीचा टेम्पो चालवतो. वरणगावच्या अलीकडे आमचं गाव. तिसरीत शाळा सोडली; मास्तरांना विचाराल तर ते म्हणतील, शाळेनं सुटकेचा निःश्वास सोडला. मला सही येते, आणि तेवढीच येते. जहाज मी कधी बघितलं नव्हतं, पाणी म्हणाल तर तापीच्या पुलावरून. पण भिशी लागली होती, आणि डोक्यात एक किडा शिरला होता. तो किडा काय, ते सांगतो.

बायकोचं माहेर नरडाण्याकडचं, धुळे जिल्ह्यातलं. तिची बोली पक्की अहिराणी, आमच्या इकडची जरा वेगळी. लग्नानंतर पहिलं वर्षभर ती मला शिव्या देत होती की लाड करत होती, ते मला कळलं नव्हतं. आता कळतं. शिव्याच होत्या.

आमच्या खानदेशात बाईला दिवाळीपेक्षा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी जाते. पण आपली आपण पिशवी उचलून जात नाही. भाऊ घ्यायला यावा लागतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो येणार, चहा पिणार, "अक्का, चाल" म्हणणार, मग ती निघणार. माझी बायको पन्नाशीला आली, पोरगा सुरतेला कामाला लागला, तरी तिचा भाऊ दर आखाजीला यायचा. पॅसेंजरनं भुसावळला उतरायचा, तिथून आमच्याकडे. तिकडे निंबाला झोका बांधलेला, आई खापरावर पुरणपोळ्या करणारी, आणि हिनं नुसतं बसायचं. चार दिवस ताटसुद्धा उचलायचं नाही. परत यायची तेव्हा रंग उजळलेला असायचा. मी म्हणायचो, "मला पण ने एकदा, माझा पण उजळतो का बघू." ती म्हणायची, "कोळसा कितला बी धोवा."

मग तिची आई गेली. भावानं शेतीच्या हक्कसोडवर हिची सही मागितली. हिनं हसत केली, बदल्यात लुगडंसुद्धा घेतलं नाही. मी साक्षीदार होतो, मी पण ऐटीत सही ठोकली. त्या वर्षीच्या आखाजीला तो आला. त्यानंतर भाऊ आला नाही.

पहिल्या वेळी तिनं सांगितलं, "गावमा लगीन व्हतं." दुसऱ्या वेळी सांगितलं, "त्याना पाय मोडेल व्हता." मोडलेला पाय घेऊन तो शिंदखेड्याच्या बाजारात फिरताना मला दिसला होता. दोन्ही वर्षी आखाजीच्या दिवशी ती दाराशी बसून राहिली. आम्हाला लेक नाही, म्हणजे आमच्याकडेही कोणी येणारं नाही. गल्लीतल्या सगळ्या लेकी झोक्यावर, आणि ही दाराशी गहू निवडत. एवढे गहू आम्ही वर्षात खात नाही.

म्हणून तो किडा. माहेर म्हणजे काय? आयतं खायचं, झोक्यावर बसायचं, काम करायचं नाही. जहाजात हे सगळं मिळतं, असं माझ्या पोरानं सुरतेहून सांगितलं होतं. मला वाटलं, एवढी अक्कल आपल्याला सुचली कशी. खरं तर तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

तर ती मुलगी मला समजावत होती. मुंबईहून निघायचं, गोव्याकडे जाऊन परत यायचं. भाडं माणशी, पण केबिन दोघांची. बंदराचा कर वेगळा. वाढणाऱ्यांची टिप आधीच कापून घेणार.

"आधीच?" म्हटलं. "आणि त्यांनी नीट वाढलं नाही तर?"

"काका, तसं नसतं. केबिन कोणती देऊ? आतली स्वस्त पडते. खिडकी नसते."

"मग समुद्र?"

"तो बाहेर असतो."

"बेटा, भिंत माझ्या घरी फुकट आहे. खिडकीवाली दे."

तिनं खिडकीवाली लावली. मग जेवणाचं काढलं. सकाळपासून बुफे, पाहिजे ते, पाहिजे तेवढं. चहा, सरबत त्यातच. रात्री मोठ्या हॉलमध्ये टेबलावर आणून वाढतात, त्याच्या दोन वेळा असतात, कोणती हवी ते आत्ताच सांगायचं. काही हॉटेलं जहाजातच, पण त्यांचे पैसे वेगळे, तिथं जाऊ नका.

"म्हणजे पहिली पंगत आणि दुसरी पंगत."

"हो... पंगतच म्हणा."

"पहिली लिही. दुसऱ्या पंगतीला वरणात पाणी पडतं. आणि बेटा, भांडी कोण घासतं?"

"कोणती भांडी?"

"जेवल्यावरची."

ती हसली. "काकूंना सांगा, तिथं त्यांनी हातसुद्धा लावायचा नाही."

मी पाणी मागितलं. मग तिनं तारखा दाखवल्या. एक तारीख बाकीच्यांपेक्षा स्वस्त होती. भिंतीवर कॅलेंडर होतं, मला वाचता येत नाही पण सण कुठं असतात ते चित्रावरून कळतं. म्हटलं, ही तर आखाजी. मला वाटलं देवच पावला. जो दिवस तिला खातो, त्याच दिवशी तिला घरातून उचलून न्यायचं. पैसे भरले. मुलगी म्हणाली, आता रद्द केलं तर काही परत मिळणार नाही. म्हटलं, रद्द कोण करतंय.

घरी आलो तर बायको धाब्यावर, घराच्या मातीच्या छपरावर, बिबडे टाकत होती. लुगड्याचं फडकं पसरून ज्वारीचं शिजवलेलं पीठ पळीनं पापडासारखं गोल गोल. मी खालूनच ओरडलो, "जहाजात जायचंय!"

"काय पिऊन आलात?"

मी वर चढलो आणि सगळं सांगितलं. खिडकी, बुफे, पंगत, भांडी. तिचा विश्वास बसेना, मग बसला. "मी बिबडा लेसू संगे," म्हणाली. म्हटलं बाहेरचं खाणं चालत नाही. "मंग ठेचा? ठेचानी बाटली लपाडी लेसू." तोंड असं फुललं होतं तिचं, की मला वाटलं, भाडं इथंच वसूल झालं.

मग तिनं विचारलं, "कवय?"

"आखाजीले," मी तिच्याच बोलीत म्हटलं, लाडात.

पळी थांबली. पीठ फडक्यावर एका जागी सांडत राहिलं.

"आखाजीले कसं जमी? मना भाऊ यी ना माले लेवाले."

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हटलं, "अगं, आता कुठलं माहेर? आता हेच माहेर, तिकीटवालं." आणि हसलो. मीच.

ती म्हणाली, "कोनी सांगं तुमले, माले माहेर नही म्हनीसन?"

एवढंच. मग राहिलेले बिबडे तिनं एकटीनं पुरे केले. मी खाली येऊन टेम्पो पुसत बसलो. तो स्वच्छच होता.

नंतर ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. मला वाटलं, जमलं. ती पिशवी भरायला लागली. एका पिशवीत जहाजाचे कपडे, पोरानं पाठवलेला पंजाबी ड्रेस, जो तिनं कधी घातला नव्हता. शेजारी दुसरी पिशवी. त्यात नऊवारी, भाचीसाठी बांगड्या, डब्यात सांजोऱ्या. मी म्हटलं, "दोन पिशव्या कशाला?" म्हणाली, "एक जहाजनी, एक माहेरनी. जी लागी ती."

तेव्हा मात्र मी हसलो नाही. टेम्पोच्या मागं जाऊन तिच्या भावाला फोन लावला. आता रडून सांगायचं तर मला येत नाही. मी मस्करीतच म्हटलं, "अरे, ये घ्यायला. नाहीतर तुझी बहीण आखाजीला जहाजात बसून पळून जाते बघ." तो खूप हसला. म्हणाला, "जहाजमा? अक्का? वा!" कुठून सुटतं, कधी सुटतं, सगळं विचारलं. मी पण ऐटीत सांगितलं. मग म्हणाला, "दखस मी, कसं जमस ते." मला वाटलं, विचारतोय म्हणजे येतो.

मुंबईची गाडी आखाजीच्या आदल्या संध्याकाळची. रिक्षा दारात आली. मी नवीन शर्ट घातला होता, बिनचिकाचा. जहाजाची पिशवी रिक्षात ठेवली, वळून बघतो तर ती ओट्यावर बसलेली, पंजाबी ड्रेसमध्ये, माहेरची पिशवी मांडीवर.

"चल ना."

"तुम्ही जा एकला."

"तिथं एकटा काय करू? दोघांची केबिन आहे."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो इतला लांबथून यी. दारले कुलूप दखीसन परत जाई. मंग पुढला साले कसा यी तो?"

मी म्हणणार होतो की तो येणार नाही. तोंड उघडलं पण होतं. रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, येताय का? गाडी चुकेल." मी म्हटलं, "चुकू दे. आज पाहुणा येणार आहे आमच्याकडे." त्याला हेलपाट्याचे पैसे दिले, पिशवी उतरवली आणि तिच्या शेजारी बसलो. ती थोडी सरकली, मला जागा करून दिली.

आखाजीचा दिवस उगवला. आमच्याकडे त्या दिवशी बाप्ये उघड उघड पत्ते खेळतात, कोणी काही म्हणत नाही. दरवर्षी मी पहिला बसतो आणि पहिला हरतो. त्या दिवशी मला बोलवायला आले, "अरे, तू तर समुद्रात होतास ना?" म्हटलं, "समुद्र ओहोटीला गेलाय, उद्या येतो." हसले आणि गेले. मी दारातून हललो नाही. न जाणो, तो आला आणि तिनं मान वळवलेली असली तर.

तिनं पुरण शिजवलं होतं, आमरस काढला होता. नऊवारी नेसली होती. स्टेशनाकडून येणारी प्रत्येक रिक्षा आमच्या बोळाशी आली की तिचे हात थांबायचे. रिक्षा पुढे जायची, हात परत चालायचे. झोक्यावरच्या पोरी गाणी म्हणत होत्या, ती ओठातल्या ओठात त्यांच्या पुढचं कडवं म्हणत होती.

दुपारी माझा फोन वाजला. ती उठूनच उभी राहिली. जळगावची मुलगी होती. "काका, बंदरावर पोचलात का? आता गेट बंद होईल."

मी म्हटलं, "बेटा, पोचलो. लई मोठं आहे."

का म्हटलं, मला माहीत नाही. त्या पोरीला तरी कोणीतरी पोचल्याचं समाधान.

ऊन उतरलं. पोरी झोक्यावरून घरी गेल्या. आम्ही जेवलो नाही. रस कुत्र्यालासुद्धा घातला नाही तिनं, तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. भाऊ. तिनं स्पीकर लावला, तिला कानाशी धरायचं सुधरत नाही. मी समोरच चहा पीत होतो.

"अक्का, काल मी उनू व्हतू," तो म्हणाला. "दारले कुलूप व्हतं. मंग मना ध्यानमा उनं, तुम्ही तर जहाजवर गयेल शेतस. मंग काय, परत गऊ."

आला होता म्हणे, मी कप खाली ठेवला. जहाजाचं त्याला मी सांगितलं होतं. दिवस मी सांगितला होता. कुलूप त्याच्या हातात मीच दिलं होतं. प्रवासासाठी आणलेलं खरं कुलूप फडताळावर होतं, अजून प्लास्टिकमध्ये.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं, कोणी सांगितलं असणार ते. मला वाटलं, आता बोलेल. त्याला बोलेल, नाही तर मला तरी.

"हा रे भाऊ," ती म्हणाली. "जहाजवरच व्हतूत आम्ही."

"कसं शे जहाज?"

"काय सांगू तुले. गाव इतलं मोठं. दिनभर खावाले. दोन पंगती बसतस. हातबी लावू देत नही कसाले." ती सांगत होती, आणि एकदाही अडखळली नाही. मग जरा थांबून म्हणाली, "तुना फेरा फुकट गया ना भाऊ. इतला उन्हामा उना तू."

"जाऊ दे अक्का. पुढला साले दखू."

"हा. पुढला साले मी कोठेच जात नही. घरच ऱ्हासू. तू ये."

तिनं फोन ठेवला. पदरानं तो पुसला. माहेरची पिशवी उघडून सांजोऱ्यांचा डबा बाहेर काढला आणि एक सांजोरी माझ्या बशीत ठेवली.

"उना व्हता तो," ती म्हणाली. "आपनच नव्हतूत."

आयुष्यभर मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचत आलंय. चांगलं नाही, पण सुचतं. त्या सकाळी मी बशीकडे बघत बसलो.

"हो," म्हटलं. "आपलंच चुकलं."