विमानासाठी फोडलेले बांध

तुमचे मामाआजोबा, म्हणजे माझा थोरला भाऊ, हवाईदलात एवढ्या वरच्या हुद्द्यापर्यंत कसा पोचला, असं तुम्ही विचारलंत. त्याच्याविषयी जे छापून आलं ते तुम्ही वाचलेलं आहे. त्यात त्याची पदकं आहेत, त्यानं आखलेल्या मोहिमा आहेत, मोठमोठ्या अधिकाऱ्यांपुढे त्यानं युद्धशास्त्रावर दिलेली व्याख्यानं आहेत. आमच्याबद्दल त्यात इतकंच आहे की त्याचा जन्म कुलाबा जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. त्या अर्ध्या ओळीत जे राहून गेलं ते मी लिहिते. वाचून तुम्हाला उभारी येईल असं त्यात काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव कर्जतहून कळंबकडे जाताना लागतं. घरामागे चढ आणि वरकस जमीन, तिथे नाचणी-वरी व्हायची. खाली नदीकडे भाताची खाचरं. ती माझ्या बाबांच्या आजोबांनी काढलेली. भाताच्या खाचराला बांध हवा. बांध नसेल तर पाणी ठरत नाही, आणि पाणी ठरलं नाही तर भात नाही. जुना बांध दरवर्षी माती लावून, पायांनी तुडवून इतका घट्ट झालेला असतो की त्याच्यावरून बैल चालला तरी कड ढासळत नाही. बाबा पाहुण्यांना शेत दाखवायचे तेव्हा पीक नंतर दाखवायचे, आधी बांध.

दादा कर्जतच्या शाळेतून पुण्याच्या कॉलेजात गेला. दुसरं महायुद्ध सुरू होतं, वैमानिक हवे होते, त्यानं अर्ज केला आणि निवडला गेला. बाबा त्याच्याशी काही महिने धड बोलले नाहीत. आई बोलायची, पण फक्त जेवणाबद्दल. मीही तेव्हा पुण्याला इंग्रजी शाळेत होते आणि सुट्टीत घरी यायचे. त्यामुळे हे सगळं मी सुट्ट्यासुट्ट्यांनी पाहिलेलं आहे.

प्रशिक्षण संपवून दादा पहिल्यांदा रजेवर आला, तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे पडवीत बसले. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहायचे, तेही आले. दादाची पुण्याला नेमणूक झाली होती आणि सरावाच्या वेळी त्यांची विमानं घाट उतरून आमच्याच बाजूला यायची, हे त्यानं सांगितलं तेव्हा बाबा कितीतरी दिवसांनी त्याच्याशी आपणहून बोलले.

"वरून आपला गाव दिसतो का रं?"

"दिसतो. पण घर नाही ओळखू येत. उन्हाळ्यात राब भाजलेले असतात ना, ते काळे चौकोन तेवढे दिसतील. ते दिसले की समजायचं, घरावर आलो."

राब म्हणजे रोपांसाठी राखलेला जमिनीचा तुकडा. त्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून तो भाजतात, मग त्यात भात पेरतात.

"आन् उतराया काय लागतं?"

"सपाट जमीन लागते, बाबा. लांबच लांब. मधे बांध नको, दगड नको. विमान लहान असलं तर अडीनडीला शेतातसुद्धा उतरवतात."

"मंग आमच्याकडं नको रं बाबा," काका म्हणाले. "आमच्या बांधाला बैल अडकतो, तुजं ईमान तर पार नांगरासारखं रुतून बसंल."

आई हसली. तिचं तसं मोठ्यानं हसणं मी नंतर ऐकलं नाही. दादा गेला तेव्हा तिनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी बांधून दिली, आणि बाबा स्टेशनापर्यंत चालत त्याच्याबरोबर गेले.

त्या थंडीतच आईच्या पोटात गाठ निघाली. कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं आणि घरी न्यायला सांगितलं. परतताना आई गाडीत खिडकीशी बसली होती, तिनं कुणाला काही विचारलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "लेकाला येकदा बगू द्या. मंग काय ते होऊ दे."

दादानं रजा मागितली. मिळाली नाही. पुन्हा मागितली, तरी नाही. पूर्वेकडे लढाई पेटलेली होती. त्याचं पत्र यायचं त्यात काळ्या शाईनं ओळी पुसलेल्या असायच्या. तो कुठे आहे हे आम्हाला कळू नये म्हणून पत्रं तपासणारे अधिकारी तसं करायचे. आम्ही धरून चाललो होतो की तो पुण्यालाच आहे.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आई बाजेवरून उठत नव्हती. तिसऱ्या रजेलाही नकार आला होता. तो मी वाचून दाखवला. बाबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले आणि मग म्हणाले, "रजा नाय देत तर नको देऊं दे. रजा कशाला पायजे? वरून तर जातोच हाय."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमच्याकडचा गाडीवान दुसऱ्याचं भात भरून कर्जतच्या गिरणीला निघाला, तरी वाटेत स्वतःचं घर लागलं की बैल थांबवायचा. पाणी प्यायचा, लेकराला घेऊन दोन शब्द बोलायचा आणि पुढे जायचा. त्याबद्दल कुठला मालक कधी बोलला नाही. बोलला असता तर लोकांनी मालकालाच नावं ठेवली असती. माझं इंग्रजी शिक्षण चाललं होतं, पण विमान म्हणजे गाडीहून काही वेगळं असतं, असं मलाही वाटलं नाही.

"त्याला उतराया जागा नाय, म्हणून उतरत नाय," बाबा म्हणाले. "जागा आपून करायची."

वरकस जमीन चढाची आणि दगडांची. सपाट म्हणाल तर खाचरंच. दुसऱ्या दिवशी बाबांनी कुदळ घेतली आणि नदीकडच्या खाचरांचे बांध फोडायला सुरुवात केली.

काका धावत आले. "अरं, डोकं फिरलं काय तुजं? आजाचं बांध हायती ते!"

"म्हाईत हाय."

"ईमान काय खोपोलीची मोटार हाय, हात दाकवला की थांबाया?"

"दुसऱ्यासाटी नाय थांबणार. आयसाटी थांबंल."

काका बांधावर उकिडवे बसून राहिले. बाबा खणत होते, आणि जुनी माती दगडासारखी फुटत होती. थोड्या वेळानं काका उठून गेले. मला वाटलं रागावून गेले. ते आपली कुदळ घेऊन परत आले.

त्या वर्षी बाबांनी राबही वेगळा भाजला. नेहमीसारखा चौकोन न करता त्यांनी मोकळ्या केलेल्या जमिनीच्या कडेनं एक लांब पट्टा भाजला, म्हणजे दादाला वरून कळावं. मला पत्र लिहायला लावलं: आईला बरं नाही, नदीकडचे बांध काढले आहेत, शेजारी राबाचा लांब काळा पट्टा आहे, तो बघून उतर, पाणी पिऊन लगेच जा. ते पत्र मी पुण्याच्या पत्त्यावर टाकलं.

मग रोज सकाळी बाबा आणि काका आईची बाज उचलून खाली शेतात न्यायचे. काठावर भेंडीचा एक मोठा वृक्ष होता, त्याच्या सावलीत ठेवायचे. आई डोक्यावरचा पदर नीट करून पडून राहायची. ऊन चढलं की परत घरी. गावातली माणसं आधी हसली. मग एकेकजण येऊन बसायला लागला. एका म्हातारीनं तर पाण्याचा तांब्या आणि गूळच आणून ठेवला, पोरगा उतरला की त्याच्या हातावर द्यायला.

आणि एके दिवशी विमानं आली. घाटाच्या बाजूनं आधी आवाज, मग तीन विमानं, एकापुढे एक नाही तर पंख्यासारखी पसरलेली. इतकी खाली की पंखांवरची चिन्हं दिसत होती. सगळे उठून उभे राहिले. काका फडकं फिरवून ओरडायला लागले, "हिकडं रं! हिकडं!" त्या दिवसांत खोऱ्यात सगळ्यांचेच राब भाजून झाले होते. मी नदीपलीकडे पाहिलं तर दूरपर्यंत काळेच काळे तुकडे होते. आमचा पट्टा त्यात लांब होता, एवढंच.

आईनं कोपरावर रेलून मान वर केली. "त्यातला आपला कंचा?"

बाबा म्हणाले, "मधला."

"मधला," आई म्हणाली आणि हात वर केला. विमानं डोंगराला वळसा घालून खालापूरच्या बाजूला गेली. आम्ही ती परत येतील म्हणून ऊन डोक्यावर येईतो थांबलो. बाज घरी नेताना आई म्हणाली, "घाईत असंल. पर बगितलं मी त्याला."

त्यानंतर ती शेतात गेली नाही. नेऊ का म्हणून बाबांनी विचारलं तर नको म्हणाली. शाळा उघडायच्या आधीच ती गेली. दादाला तार केली. तो आला तेव्हा तेरावा होऊन गेला होता आणि पावसानं जोर धरला होता.

तो गणवेशातच आला. खांद्यावर नवी पट्टी होती. पडवीत बाबांसमोर बसला. बाबांनी त्याचं तोंड निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुजी आय तुला बगून गेली. मधल्या ईमानात व्हतास ना?"

दादानं टोपी काढून मांडीवर ठेवली. तो खोटं बोलला असता तर चाललं असतं. पुढे त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी लिहिलं आहे की त्यानं कधीही वरिष्ठांना खोटा अहवाल दिला नाही, हरलेल्या मोहिमेचासुद्धा नाही. ते खरं आहे.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "मी विमानातच नव्हतो. मला दिल्लीला बोलावून घेतलं होतं."

कारण असं झालं होतं की सरावाच्या वेळी, घाटात ढग कधी उतरतात आणि कुठल्या खिंडीतून वारा खाली येतो, हे त्यानं नकाशा न बघता एका साहेबाला सांगितलं होतं. ते बरोबर निघालं. पूर्वेकडे अशाच डोंगरांत लढाई होती. साहेबानं त्याला उचलून नकाशांच्या खोलीत बसवलं, दुसऱ्यांची विमानं कुठून जायची ते आखायला. ज्याला तुम्ही त्याची कारकीर्द म्हणता, ती तिथे सुरू झाली. लहानपणी गुरं राखताना तो ज्या खिंडीकडे पाहत बसायचा, तिच्यावरच. माझं पत्र त्याच्यामागून फिरत फिरत दिल्लीला पोचलं, तेव्हा आई गेलेली होती.

पाऊस जरा उघडला तसे आम्ही खाली शेतावर गेलो. खाचरं कुठे राहिलीच नव्हती. गढूळ पाणी एका कडेनं येत होतं आणि दुसऱ्या कडेनं माती घेऊन नदीत जात होतं. राबात रोपं हिरवीगार उभी होती, पण ती लावायला जागा नव्हती. दादा ते बघत उभा राहिला. मग बुटांसकट चिखलात उतरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठी पावलं टाकत चालत गेला. परत आला.

"बाबा, हे पुरलं नसतं," तो हळू म्हणाला. "निम्मीसुद्धा लांबी नाही. पुढं नदी. कुणीही उतरवलं असतं तर नदीत जाऊन फुटलं असतं. मी असतो तर मीच मेलो असतो."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. आई गेल्यापासून त्यांचा चेहरा एकसारखाच असायचा, तो त्या क्षणी जरा हलला.

"मंग बरंच झालं," ते म्हणाले, "तू आला नाय ते."

दादा त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. बाबांनी आणि काकांनी पुढच्या उन्हाळ्यात बांध पुन्हा घातले. नव्या मातीत खेकडे भोकं पाडायचे आणि पाणी रात्रीतून निघून जायचं. बुजवलं की दुसरीकडून फुटायचं. दादाला बढती मिळाली की वर्तमानपत्रातलं कात्रण यायचं, ते मी वाचून दाखवायचे. बाबा शेवटपर्यंत एकच विचारायचे, "आता तरी खालीच बसून काम हाय ना त्याला?" मी हो म्हणायचे. मग ते फावडं घेऊन भोकं बुजवायला जायचे. त्या खाचरांत पाणी पुन्हा कधी ठरलं नाही.