काकांची पिवळी चिठ्ठी

बाबांच्या निवृत्तीचा समारंभ हा आमच्या घरातला सगळ्यात शिस्तशीर कार्यक्रम होता आणि त्यात माझे सख्खे काका बसस्टँडवर राहिले.

तुकईथडहून केळीचा घड घेऊन आलेले काका बुऱ्हाणपूरच्या स्टँडवर तीन तास बसले आणि घडासकट परत गेले. त्यांना आणायला दुसरं कोणीतरी गेलंय, असं प्रत्येकाला वाटत होतं. (फोन त्यांनी केले होते. पण भाषणांत व्यत्यय नको म्हणून मीच सगळ्यांचे मोबाइल मुके करून टोपलीत ठेवले होते.)

महिनाभर काका बाबांशी बोलले नाहीत. बाबांनी जन्मात पहिल्यांदा शनवारा चौकातल्या हातगाडीवरून केळी विकत आणली आणि न खाता ताटलीत ठेवून दिली. ते बघून मला फार वाईट वाटलं.

मी सॉफ्टवेअर कंपनीत टीमच्या 'रेट्रो' बैठका घेते. काम संपलं की सगळ्यांनी बसायचं, काय जमलं, काय फसलं ते निनावी चिठ्ठ्यांवर लिहायचं आणि कोणावर बोट दाखवायचं नाही. घरी हेच करायचं ठरवून मी काकांना बोलावलं.

"ताई, हे ऑफिस नाही यार," धाकटा संजू म्हणाला.

काका आले, पण बाबांकडे पाठ करून बसले. मी भिंतीवर 'काय जमलं' आणि 'काय फसलं' असे दोन रकाने आखले आणि चिठ्ठ्या वाटल्या. आईने 'काय जमलं' खाली चार चिकटवल्या. चारही त्या दिवशी तिने केलेल्या दराब्याच्या, म्हणजे गोडाच्या, कौतुकाच्या. बाबांनी जन्मभर वह्या तपासलेल्या, त्यामुळे निनावीपणा दोन मिनिटं टिकला.

"हे अक्षर संजूचं. दहापैकी चार."

काकांची चिठ्ठी कोरीच होती.

"लिहा ना काका."

"लिहू कायले? तोंड हाये ना मले. फक्त सांगा, मले आनाले जानार कोन होतं?"

बाबांनी मान खाली घातली. मी घाईने म्हटलं, "काका, रेट्रोत नावं घेत नाहीत."

"एक मिनिट," म्हणत संजू उठला आणि कोठीच्या दारामागून समारंभासाठी मी केलेला कामांचा तक्ता घेऊन आला. त्यावर पिवळी चिठ्ठी होती: 'काकांना स्टँडवरून आणणे.' पुढे माझं नाव. आणि चिठ्ठी 'झाले' या रकान्यात.

मला सगळं आठवलं. आदल्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर तक्त्याचा फोटो टाकायचा होता. एकच चिठ्ठी 'करायचे' मध्ये उरलेली वाईट दिसत होती, म्हणून मी ती सरकवली होती.

"म्हनजे मी घरी पोचलो होतो," काका शांतपणे म्हणाले, "मलेच मालूम नव्हतं."

आधी बाबा हसले. मग काका त्यांच्याकडे वळले. "दादा, एवढी शिकवली तू हिले?" दोघे डोळे पुसत हसत होते आणि कोणावर बोट दाखवायचं नाही, हा नियम माझ्याखेरीज कोणाला आठवत नव्हता.

आता काका स्टँडवरून स्वतःच चालत येतात. घड ओट्यावर ठेवतात आणि दारातूनच हाक मारतात, "पोरी, मी आलो. सरकव आता चिठ्ठी."