भर समुद्रात गुढी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. नकोच, तुमच्या तोंडावर आत्ताच दिसतंय. चहा तेवढा भरपूर टाका, कारण या किश्श्यात माझी बाजू घेणारं कोणी नाही. सख्खा नवरासुद्धा नाही.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आम्ही अमेरिकेत पार्सिपनीला राहायचो. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, मूळचा नागपूरचा. तलावापलीकडे पाणी न पाहिलेला माणूस. त्याला अचानक शिडाच्या बोटीचं वेड लागलं. दर शनिवारी जाऊन त्याने कोर्स केला, परीक्षा पास झाला आणि एक दिवस जेवताना जाहीर केलं की, मुलांच्या स्प्रिंग ब्रेकला आपण फ्लोरिडाच्या दक्षिणेची बेटं बोटीने फिरायची. बोट भाड्याची, कप्तान स्वतः.

मला पोहता येत नाही. ओजस तेव्हा आठ वर्षांचा होता, सई चार. मी एवढंच म्हटलं, "माझी दोन्ही पोरं धड परत आली पाहिजेत. बाकी तू बुडालास तरी चालेल." तो हसला. मी विनोद करत नव्हते.

पण खोटं कशाला बोलू, सुरेख होतं हो ते सगळं. हिरवंनिळं पाणी, खाली वाळू दिसतेय, समोर खारफुटीचं छोटंसं बेट. मुलं दिवसभर लाइफ जॅकेटमध्ये. झोपतानाही घालायला लावणार होते, पण मिलिंदने हात जोडले.

आणि त्याच आठवड्यात आला पाडवा.

आता मी सोडते का? मी घरून निघतानाच तयारी केली होती. आईने दिलेला केशरी खण, तांब्याचा तांब्या, डब्यात आंबट क्रीमचं श्रीखंड आणि तळून आणलेल्या पुऱ्या, ज्यांचे एव्हाना पापड झाले होते. कडुलिंब कुठला मिळायला? कढीपत्ता घेतला. साखरेच्या गाठीऐवजी मार्शमेलो दोऱ्यात ओवले. त्यातले निम्मे सईने ओवता ओवताच खाल्ले.

"समुद्रात गुढी?" मिलिंद म्हणाला.

"सण काय जमीन बघून येतो?"

दोर ओढायला बोटीवर एक लांब काठी असते. तिच्या टोकाला खण, कढीपत्ता, मार्शमेलो आणि वर पालथा तांब्या. दार काही बोटीला नसतं, म्हणून पुढच्या कठड्यालाच गुढी बांधली. हळदकुंकू वाहिलं, सगळ्यांना ओळीत उभं केलं. आणि माझ्या लक्षात आलं की गुढी फिरतेय.

म्हणजे बोट फिरत होती. नांगर टाकलेली बोट वाऱ्यावर इकडेतिकडे झुलतेच. पण आमच्या घरी गुढी सूर्याकडे तोंड करून असते, पहिल्यापासून. ही बया घटकेत सूर्याकडे, घटकेत क्यूबाकडे.

"मिलिंद, हिला जरा स्थिर कर ना."

"बोट आहे गं. फिरणारच."

"ही एवढी साखळी सोडून ठेवलीयेस, म्हणून फिरते. निम्मी वर घे."

"अगं, साखळी लांबच लागते. आडवी ओढ बसली तरच नांगर रुतून राहतो. कोर्समध्ये शिकवलंय."

"कोर्समध्ये पाडवा शिकवला होता का? अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. वर्षाचा पहिला दिवस, माझं एवढंही ऐकणार नाहीस?"

या वाक्यापुढे कोणाचं काही चालत नाही, हे विवाहितांना सांगायला नको. मिलिंदने मुकाट्याने साखळी वर घेतली. बोटीचं झुलणं खरंच कमी झालं. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की बिचाऱ्याने मान खाली घातली.

मग आम्ही मागच्या बाजूला बसून श्रीखंड-पुरी खायला लागलो. वारा छान सुटला होता. आमच्या शेजारी आदल्या संध्याकाळपासून एक बोट होती. तिच्यावर वॉल्टर नावाचे रिटायर्ड आजोबा आणि त्यांची बायको. हात वगैरे हलवून झाले होते.

"आई, दॅट ग्रँडपा इज कमिंग टु अवर बोट," ओजस म्हणाला.

खरंच, वॉल्टर त्यांच्या छोट्या होडीतून जोरजोरात वल्ही मारत येत होते. मला भरून आलं. म्हटलं, बघा, परक्या देशातला माणूस गुढी पाहून भेटायला येतोय. मी लगेच एका बशीत त्यांच्यासाठी श्रीखंड वाढलं.

पण ते येईचनात. वल्हवतायत, वल्हवतायत आणि आहेत तिथेच. "वय झालंय रे," मी मिलिंदला म्हटलं, "हातात जोर नाही राहिला बिचाऱ्यांच्या." मी उभी राहून त्यांना 'सावकाश या' अशी खूणही केली. दोन्ही हात वरखाली हलवून. त्या खुणेने ते आणखी जोरात वल्हवायला लागले.

शेवटी पोचले. लालबुंद झाले होते.

"काय झालंय? कोणाला लागलंय? मुलं ठीक आहेत ना?"

"हॅपी न्यू इयर!" मी म्हटलं आणि बशी पुढे केली.

मार्च संपत आला होता. वॉल्टरनी माझ्याकडे बघितलं, मग मिलिंदकडे, आणि फार हळू आवाजात विचारलं, "मॅम, या उन्हात तुम्ही सकाळपासून पाणी प्यायलात का?"

मग त्यांनी गुढीकडे बोट दाखवलं. चौकोनी निशाण आणि त्याच्या वर गोल वस्तू, हे समुद्रावर जगभर 'आम्ही संकटात आहोत, वाचवा' याचं चिन्ह आहे म्हणे. दोन्ही हात वरखाली हलवणं हेही तेच. त्यांनी ते पाहून आधी रेडिओवरून मदत मागवली होती आणि मग स्वतः निघाले होते.

मी मिलिंदकडे बघितलं. "तुला माहीत नव्हतं?"

"होतं. परीक्षेत आलं होतं," तो म्हणाला. "पण त्या चित्रात कढीपत्ता नव्हता गं."

मी वॉल्टरना समजावलं की संकट वगैरे काही नाही, सगळं उत्तम आहे, हा आमचा सण आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग डोकं खाजवत म्हणाले, "एक विचारू? सकाळी तुम्ही माझ्या शेजारी होतात ना? मी वल्हवत होतो आणि तुम्ही लांब लांब जात होतात."

आम्ही चौघांनी वळून पाहिलं. त्यांची बोट केवढीशी दिसत होती. जे बेट समोर होतं ते भलतीकडेच गेलं होतं. आणि आमच्या मागे, हिरव्या पाण्यात, तपकिरी पट्टा. तपकिरी म्हणजे प्रवाळ, म्हणजे दगड. एवढं मला आठवडाभरात कळलं होतं.

आखूड साखळीने नांगर उचलला गेला होता आणि आम्ही पुऱ्या खात खात खडकाकडे निघालो होतो.

मी दोन्ही पोरांना असं कवटाळलं की सई ओरडली, "आई, आय कान्ट ब्रीद." वॉल्टर या वयात टुणकन आमच्या बोटीवर चढले. मिलिंदने इंजिन सुरू केलं, बोट वाळूकडे घेतली, वॉल्टरनी नांगर टाकून साखळी सोडली, भरपूर सोडली. बोट एकदा हिसका देऊन थांबली. खरोखर थांबली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच खाली बसून रडले. लाज नाही वाटत सांगायला.

तेवढ्यात गस्तीची बोट आली. दोन अधिकारी. एकाने विचारलं, "मॅम, तुम्ही संकटात आहात की नाही?"

"निशाण लावलं तेव्हा नव्हतो," मी डोळे पुसत म्हटलं. "तुम्ही निघालात तेव्हा होतो. आता परत नाही."

त्याने मान वर करून गुढी नीट पाहून घेतली. मग म्हणाला, हे खाली घ्या, नाहीतर दिसेल ती बोट तुम्हाला वाचवायला येईल. गुढी संध्याकाळी उतरवतात, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. नमस्कार करून उतरवली. वॉल्टर बायकोला घेऊन आले आणि उरलेलं श्रीखंड सगळ्यांनी मिळून संपवलं. गस्तीवाल्यांनीसुद्धा चाखलं.

संध्याकाळी एका धक्क्याला लागलो तेव्हा फोनला सिग्नल मिळाला. पुण्यात आईकडे सकाळ झाली होती. मुलांनाही बोलता यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"उभारलीस का गं गुढी?"

"हो आई."

"जेवायला कोणी होतं?"

"हो, चौघं होती. इथलीच. गुढी पाहून आली."

आईला इतका आनंद झाला. "बघा, परमुलखात गुढी पाहून माणसं धावत येतात! सगळं हिच्या हौसेमुळे. मिलिंदराव, तुम्ही आपले हिचं ऐकत जा."

"आई, ऐकलं हो," मिलिंद म्हणाला. "ऐकलं म्हणूनच तर त्यांना धावत यावं लागलं."