वेलाखालची मोकळी जागा

अन्याय दिसला की लेखी हरकत घ्यायची, ही माझी जुनी शिस्त. आखातातल्या अहमदी या तेलनगरीत साठच्या दशकाच्या आरंभी या शिस्तीने एका माणसाची नोकरी घालवली.

मी एका ठेकेदार कंपनीत कारकून होतो. कंपनीचे वाचनालय कारकुनांना खुले होते, कारागिरांना मज्जाव. तेथून मी रोमन संगमरवरी शवपेट्यांवरील आद्य ख्रिस्ती कोरीवकामाचे चित्रमय पुस्तक आणले. शेजारच्या खोलीत रत्नागिरीकडचा एक मुसलमान सुतार राहत असे. तो त्यातील एका चित्रावर खिळून राहिला. त्यात योना संदेष्टा माशाच्या जबड्यात जात होता. पलीकडे तोच, सुटका झाल्यावर, दुधीच्या वेलाखाली निजला होता.

“हे तर आमचे युनुस नबी! पण ह्यो मासा नाय, भाऊ. तोंड कुत्र्याचं, वर पुढं पाय! कोरणारा दर्यावर कधी गेलाच नसणार.”

“मग तुम्ही कोरून दाखवा.”

“नबींची सूरत आमच्यात काढत नाहीत. वेल करीन. नि मासा, खराखुरा.”

भंगारातल्या सागाच्या फळीवर त्याने महिनाभर काम केले. पानांच्या कडांना गिरमिटाने भोके पाडून त्याने त्या रोमन पाथरवटांसारखी सावली आणली. वेलाखालची जागा मात्र मोकळी ठेवली.

अशा माणसाला वाचनालयाच्या दारात अडवतात, याचा मला विलक्षण संताप आला. मी व्यवस्थापकांना तीन पानी पत्र लिहिले. पुरावा म्हणून त्याचे नाव, फळीचे वर्णन आणि, वस्तुस्थिती लपवणे मंजूर नसल्यामुळे, लाकूड कोठले तेही नमूद केले.

उत्तर कलमासह आले: भंगार हीदेखील कंपनीची मालमत्ता. दर आठवड्यास जे लाकूड कंपनी स्वतःच जाळून टाकी, त्यासाठी सुताराचा करार रद्द झाला! मी आणखी चार पत्रे धाडली. एकाचीही पोच आली नाही.

ट्रंक बांधताना तो शांतपणे म्हणाला, “लाकडाचं मी तुम्हाला सांगितलं होतं, भाऊ. साहेबाला नाय. कागदात घालण्याआधी एकदा विचारायचं तरी.”

कंपनीवरचा माझा राग आजही रास्त आहे. परंतु दुसऱ्याची वस्तू परवानगीवाचून वापरण्याचा गुन्हा तेथे मीही केला होता. हे त्याला लिहून कळवायला हवे होते. त्याच्या गावाचा पत्ता माझ्यापाशी होता. त्या पत्त्यावर मी एकही पत्र लिहिले नाही.