टॅबवाल्या मॅडम आणि आमची बालवाडी

बालवाडीत मदतनीस असलेल्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते रोज सकाळी शेंबूड ओढत आपल्या पायांनी चालत येतात! पण आमच्या चाकणच्या वस्तीत तपासणी आली, त्या एका आठवड्यात जेवढे झाले तेवढे एरवी वर्षात होत नाहीत.

बालवाडी एक संस्था चालवते. संस्थेच्या वरच्या लोकांना प्रश्न पडला, की या बालवाडीनं पोरांत काही फरक पडतो का? फरक दिसला तर बालवाडी राहणार, नाहीतर कुलूप. फरक म्हणे! भरलेल्या पोटात नि रिकाम्या पोटात फरक काय, ते बघायला टॅब लागतो? पण कुलूप लागलं असतं, तर आईबाप कंपनीत आणि पोरं खोलीत कोंडलेली. म्हणून मी गप्प बसले. म्हणजे मला जमेल तेवढी.

तपासायला पुण्याहून एक मॅडम आल्या. तरुण, गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मावशी, मी इथं आहे हे विसरूनच जा."

म्हटलं, "मग ती खुर्ची सोडा. तिथं बसून मी तांदूळ निवडते."

*

पहिली परीक्षा चार वर्षांच्या आरोहीची. दहा ठोकळे दिले, मनोरा करायचा. आरोहीचा बाप कंपनीत क्वालिटीला.

तिनं एक ठोकळा उचलला, उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं, बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

"बाळा, मनोरा कर ना," मॅडम म्हणाल्या.

"थांबा. माल चेक होतोय!"

दहातले सात रिजेक्ट. मॅडम गोंधळल्या. आमच्या शिक्षिका वंदनाताई, त्यांना विचारलं, "हिला मार्क किती द्यायचे हो?"

मी आतनं ओरडले, "तिला पैकीच्या पैकी. ठोकळे बनवणाऱ्याला शून्य!"

*

मग आयांना प्रश्न. लातूरकडची सविता समोर बसली.

"तुम्ही दिवसातून किती वेळा बाळाशी संवाद साधता?"

"काय साधते?"

"म्हणजे बोलता."

"बोलते की! ऊठ. गिळ. पाय काढ तिथनं. थांब, तुझ्या बापाला सांगते."

"आणि बाळ काय म्हणतं?"

"म्हनतंय, बाप झोपलाय. नाइट शिफ्ट होती त्याची."

मॅडमनी टॅबवर खूण केली. 'दोन्ही बाजूंनी संवाद: होय.'

*

वंदनाताईंनी संस्थेकडून आलेली खेळणी कपाटात ठेवलेली. कुणी तपासायला आलं तर नवी दिसावीत म्हणून! मॅडम म्हणाल्या, "मुलं यांच्याशी रोज खेळतात ना?"

"रोज!" वंदनाताई म्हणाल्या आणि कपाट उघडलं.

सगळी पोरं धावत आली. मागून एकानं माझी साडी ओढली. "मावशी, ह्ये दुकान कवा निघालं?"

*

घरभेटीला शिवांशच्या घरी गेलो. मॅडम म्हणाल्या, "नेहमीसारखंच वागा हं."

त्याची आजी पदर सावरून सुनेला म्हणाली, "बाळ, दमली असशील. तू बस, मी चहा टाकते."

सून घाबरून जागच्या जागी उभी! शिवांशनं आजीच्या कपाळाला हात लावला. "आज्जे, ताप आलाय का गं?"

निघताना सुनेनं दारामागं मॅडमचा हात धरला. "ताई, उद्यापण तपासा ना!"

*

शेवटच्या दिवसाआधी मॅडम म्हणाल्या, "उद्या नाल्यापलीकडची वस्ती. तिथं बालवाडी नाही. तिथल्या मुलांची हीच परीक्षा घ्यायची आणि तुमच्या मुलांशी ताडून बघायची. फरक कळेल."

झाली का पंचाईत! कारण तपासणीचे दिवस सोडले, तर पलीकडची पोरं वर्षभर बालवाडीत माझ्याकडंच होती! त्यांना घ्यायचं नाही, असं संस्थेनं बजावलं होतं. पण दारात उभं राहून ताटाकडं बघणारं पोर हाकलायचं कसं, हे काय मला कुणी शिकवलं नव्हतं. आता ती आमच्या पोरांइतकीच हुशार निघाली, तर फरक शून्य. कुलूप!

सकाळी सकाळी पलीकडं गेले, पोरांना दम भरला, "मला ओळखायचं नाही. कुणी ओळखलं तर बघा!"

मॅडमनी झाडाखाली चटई टाकली. त्या काही बोलायच्या आधीच पोरांनी चपला ओळीत काढल्या, मांडी घातली आणि दोन्ही हात पुढं केले. धुतलेत का, ते बघायला.

"अरे वा! कुणी शिकवलं?"

सगळी वर झाडाकडं बघायला लागली. शहाणी पोरं!

मनोरे झाले. रंग झाले. मॅडम म्हणाल्या, "गाणं येतं का?" झालं! हात धुवायचं गाणं सुरू. ते मीच रचलेलं. मी जिथं बेसूर होते, बरोब्बर तिथंच सगळी बेसूर!

मॅडम माझ्याकडं वळल्या. "मावशी, ही मुलं ओळखीची आहेत का तुमच्या?"

"छे! आयुष्यात पहिल्यांदा बघतेय."

सगळ्यात बारकी चिमी उठून उभी राहिली. "व्हय मॅडम. ह्या मावशीला आमी ओळखत न्हाई. मागल्या आठवड्यात खिचडी करपली, तवाबी ओळखत न्हवतो."

मॅडमनी हसू लपवायला खाली मान घातली. खांदे हलत होते. मग डोळे पुसले, टॅबवर काहीतरी लिहिलं आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं,

"ताडून बघायला बालवाडी नसलेली वस्ती सापडली नाही."